येकोबा सर्कल आणि गारांचा पट्टा

बत्तीस वर्षांच्या नोकरीत सरकारी अंमलदार धावताना मी एकदाच पाहिला. भिऊन पळालेले पुष्कळ पाहिले, ते निराळे. हा माणूस पन्नाशी उलटलेला, अंगात खाकी कोट, धोतर पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेलं, चष्म्याच्या काड्या डोक्यामागे सुतळीनं बांधलेल्या. आणि आता पिकात शिरायला मिळणार या आनंदात बांधावरून धावत सुटलेला! मागे प्रांतसाहेब, पाटील, चार गावांचे शेतकरी, आणि सगळ्यांत मागे धापा टाकत मी. मी त्यांच्याहून चोवीस-पंचवीस वर्षांनी लहान होतो.

कागदावर त्यांचं नाव याकोब दावीद साळवे, सर्कल इन्स्पेक्टर. नगरच्या मिशनच्या शाळेत शिकलेले. पण आमच्या तीसेक गावांत त्यांना याकोब कुणीच म्हणत नसे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या ओळीत लोकांनी त्यांना बसवून टाकलं होतं. येकोबा! ‘येकोबा सर्कल आलं’ अशी आरोळी वेशीवर उठली की पोरं घोडीमागे धावत. मी नवा होतो, मला वाटलं साहेब रागावतील. तर ते घोडीवरून उतरता उतरता म्हणाले, “अहो, रागवायचं काय त्यात? सरकारनं बावीस वर्षांत एक बढती दिली. या लोकांनी एका झटक्यात देव केला!”

आणि स्वतःच्याच विनोदावर टाळी वाजवून हसले. टाळी वाजवायची त्यांना सवयच होती. कुणी चांगली बातमी सांगितली, टाळी. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, टाळी. कचेरीत साहेबांसमोरही हात आपोआप एकत्र यायचे, मग ते ओशाळून पाठीमागे घ्यायचे.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती माझ्या फजितीतून. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. मी बेलठाणला तलाठी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. सोनईच्या बाजाराला ज्या गावांतून बैलगाड्या जात, त्यांतलं हे एक, काळ्या रानाचं गाव. तलाठ्याचं एक मोठं काम म्हणजे आणेवारी. पीक भरघोस आलं तर सोळा आणे धरायचं, निम्मं आलं तर आठ आणे. सहा आण्यांपर्यंत आलं तर त्या गावाचा निम्मा शेतसारा तहकूब व्हायचा, चार आण्यांच्या आत आलं तर सगळा माफ व्हायचा आणि सरकारी मदत आली तर तीही त्याच आकड्यावर मिळायची. गावाचं वर्ष त्या एका आकड्यावर ठरायचं. आणि तो आकडा मी चावडीत बसून, पाटलांनी पाठवलेलं ताक पीत, चार जणांना विचारून लिहून टाकला होता. नऊ आणे. अक्षर मात्र मोत्यासारखं.

येकोबांनी कागद पाहिला. “वा! काय अक्षर आहे!” ते म्हणाले. मी फुललो. “आता मला सांगा, कुठल्या शेतात उभं राहून लिहिलंत हे?”

मी ताकाच्या भांड्याकडे पाहू लागलो.

“बरं, कुठल्या बांधावर?”

कोतवालानं तोंडावर पंचा धरला.

मला वाटलं, आता मेमो. पण ते उठलेच. माझा हात धरून मला चावडीबाहेर काढत म्हणाले, “चला, मजा दाखवतो तुम्हाला!” आणि तिथून थेट बाजरीच्या रानात. दिवसभर त्यांनी मला चालवलं. एक कणीस मोडायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, दाणे तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून चावायचे. “हे भरलं. हे पोचट. हे बघा, हे वरून पोसल्यासारखं दिसतं आणि आत हवा. तलाठी, घोड्यावरून पिकाचे शेंडे दिसतात हो, दाणा दिसत नाही.” संध्याकाळी माझे पाय सुजले होते आणि आकडा नऊवरून सहावर आला होता. तीन आण्यांनी गाव वाचलं असतं किंवा बुडालं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. झोपताना लाज वाटली आणि, खरं सांगतो, गंमतही वाटली. नोकरीत अशी गंमत असते हे मला ठाऊक नव्हतं.

पण ते शेतकऱ्यांच्या बाजूनं आकडा खाली ओढत, असं कुणी समजू नये. पुढच्याच पावसाळ्यानंतर ओढ्यापलीकडच्या एका गावानं त्यांना फसवायचा चंग बांधला. गावकऱ्यांनी वाजतगाजत त्यांना नेलं ते खडकाळ माळावरच्या वाळक्या बाजरीत. एका म्हाताऱ्यानं तर तिथं बसून डोळे पुसले. “काय ऱ्हायलं न्हाई बगा, भाऊसाहेब. जनावराला बी पुरायचं न्हाई.”

येकोबांनी कणीस चोळलं. “खरं आहे बाबा.” मग नाक वर करून वास घेतल्यासारखं केलं, आणि कुणाला कळायच्या आत धोतर खोचून ओढ्यात उतरले. “अवं, तिकडं वाट न्हाई! तिकडं काय न्हाई!” लोक ओरडताहेत आणि हे कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे! पलीकडे पुरुषभर उंचीची बाजरी डुलत होती. असली कणसं मी त्या वर्षी दुसरीकडे पाहिली नाहीत.

गाव काठावर माना खाली घालून उभं. मला वाटलं, आता येकोबांचा पारा चढणार. तर ते पिकाच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते. “लई झ्याक! लई झ्याक पीक आणलंत गड्यांनो! लपवता कशाला? मिरवा की!” आणि खिशातून कागद काढून त्यांनी दहा आणे लिहिले. त्या गावानं पुढं वर्षभर त्यांना शिव्या दिल्या. ते मला म्हणाले, “देऊ द्यात. आज खोटं चार लिहिलं, तर ज्या दिवशी खरं चार लिहीन त्या दिवशी वरचे साहेब का म्हणून मानतील?”

तो दिवस दीड वर्षानं आला. फाल्गुन महिना. शाळू ज्वारी पिवळी पडून उभी, आठ-दहा दिवसांत सोंगणी सुरू व्हायची. दुपारी तीनच्या सुमाराला वायव्येकडून आभाळ असं काही चढून आलं की रंग जांभळाही नाही आणि काळाही नाही. मग वारा, आणि मग गारा. लिंबाएवढ्या. आम्ही चावडीत होतो. छपराचे पत्रे असे वाजत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सगळा खेळ एक पान लावून खाईपर्यंत चालला. थांबला, ऊन पडलं, आणि लोक बाहेर धावले. कुणी रानातून नाचतच परत आला, आपलं सगळं शाबूत म्हणून. त्याच्याच शेजारचा बांधावर खाली बसला तो उठेना.

चौथ्या दिवशी वरचे एक साहेब मोटारीतून पाहणीला आले. मोटार रस्त्यानं आली आणि रस्त्यानंच गेली. दोन्ही बाजूंना शाळू उभा. साहेबांनी काच खाली करून पाहिलं आणि अहवालात दोन शब्द लिहिले: ‘किरकोळ नुकसान.’ सरकारनं गारपिटीच्या गावांना सारामाफी आणि बियाण्यासाठी रोख मदत जाहीर केली होती, परत न फेडायची मदत. आमची चार गावं त्या यादीतून कटली. प्रांतसाहेबांचा मुक्काम सोनईला आणखी तीनच दिवस होता. ते एकदा हलले की यादी बंद.

मी चिठ्ठी पाठवली. येकोबा तेव्हा दुसऱ्या टोकाच्या गावांत होते. चिठ्ठी त्यांना सकाळी मिळाली आणि दुपारी टळटळीत उन्हात घोडी चावडीसमोर फेसाळून उभी.

“रडणं नंतर,” ते उतरता उतरता म्हणाले. “आधी सांगा, गारा कुठून कुठं गेल्या?”

कुणालाच सांगता येईना. जो तो आपल्या रानाचं सांगे. एक म्हणे सगळं गाव झोपलं, दुसरा म्हणे माझं तर पान हललं नाही. येकोबा फेऱ्या मारू लागले. एकदम थांबले, आणि ओरडले, “नकाशे! चारी गावांचे नकाशे आणा!”

चावडीची जमीन झाडून घेतली. चार गावांचे नकाशे कडेला कड लावून पसरले, कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग त्यांनी पाटलांच्या घरून एक शेर तूर आणि एक शेर हरभरा मागवला. गावचे पाटील म्हणजे आबा पाटील, साठीचे, मिशीवाले, वजनदार गृहस्थ. ते स्वतःच पायली घेऊन आले. चारी गावांत कोतवाल पिटाळले. तास-दीड तासात चावडीपुढे जत्रा जमली.

“ज्याचं पीक गेलं, त्यानं आपल्या शेताच्या नंबरावर तुरीचा दाणा ठेवायचा,” येकोबांनी सांगितलं. “ज्याचं वाचलं त्यानं हरभरा. आणि ज्याचं वाचलं त्यानं लाजायचं नाही!”

एकेक माणूस येई, मी त्याचा नंबर नकाशावर दाखवी, तो वाकून दाणा ठेवी. पहिले वीस-पंचवीस दाणे नुसते विखुरलेले. कुठं तूर, कुठं हरभरा, काही अर्थ लागेना. येकोबा गुडघ्यांवर बसले होते, चष्मा नाकावरून घसरत होता. पन्नास झाले. सत्तर झाले. आणि मग मी पाहिलं. अंगावर काटा आला माझ्या. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, चारी गावं तिरकी कापत, तुरीच्या दाण्यांचा एक लालसर पट्टा उमटत होता! अर्धा मैल रुंदीचा, दोन्ही कडा सुरीनं कापल्यासारख्या. दोन्ही बाजूंना हरभराच हरभरा.

“उठला!” येकोबा किंचाळले. “उठला पट्टा! अरे बघा, बघा, आभाळानं वाट काढली कशी!”

सगळी चावडी नकाशावर लोटली. म्हातारे, पोरं, दारात उभ्या बाया, सगळे एकदम बोलू लागले. पीक गेलेली माणसं, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यांवर काय उजेड होता! इतके दिवस त्यांना कुणी खरं मानलं नव्हतं. आता त्यांचं नुकसान जमिनीवर सगळ्यांना दिसेल असं पडलं होतं.

“पन मंग साहेबांच्या मोटारीला का न्हाई दिसलं?” एक बाई दारातून म्हणाली. ही राहीबाई. नवऱ्यामागे सहा एकर एकटीनं कसणारी, बोलायला तिखट.

येकोबांनी रस्त्यावरून बोट फिरवलं. रस्ता पट्ट्याला एकाच जागी छेदत होता. तिथं एकही दाणा नव्हता. “इथं काय आहे?”

“वढा,” राहीबाई म्हणाली. “वढा, खडक आन् बाभळी. तितं काय पिकतंय?”

येकोबांनी अशी टाळी वाजवली की नकाशावरचे चार दाणे उडाले. जिथं रस्ता गारांखालून गेला, तिथं नेमकं पीकच नव्हतं! साहेब खोटं बोलले नव्हते. त्यांना दिसण्यासारखं काही नव्हतंच.

पट्ट्याबाहेर तीन तुरी भलत्याच ठिकाणी पडल्या होत्या. “हे तीन दाणे वाट चुकलेत,” येकोबा हसून म्हणाले, “उद्या त्यांना भेटून येऊ.” गेलो तेव्हा दोन थापा निघाल्या. तिसरी खरी होती, झाडामागच्या खोलगट रानात गारा वाहत येऊन साचल्या होत्या. त्यांनी दोघा थापाड्यांना बोल लावला नाही. त्यांच्याच हातांनी तूर उचलायला लावली आणि हरभरा ठेवायला.

पुढचे दोन दिवस आम्ही तो पट्टा पायांनी चाललो. प्रत्येक कडुलिंबाची वायव्येची बाजू ओरबाडलेली, दुसरी बाजू हिरवीगार. बाभळीच्या साली फुटलेल्या. ओढ्याकाठी मेलेल्या साळुंक्यांचा खच. येकोबा प्रत्येक खुणेपाशी नवं काही सापडल्यासारखे ओरडत आणि मी लिहीत जाई. माझं मोत्यासारखं अक्षर त्या दोन दिवसांत पार बिघडलं, आणि ते कागद आजही मला माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुंदर वाटतात.

विघ्न आलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आबा पाटलांचं बारा एकर रान पट्ट्याच्या कडेला होतं, एक बांध सोडून. बांधाच्या अलीकडे चिखल झालेला, पलीकडे पाटलांचा शाळू छातीएवढा उभा.

“येकच बांध हाय, भाऊसाहेब,” पाटील म्हणाले. “रेघ वाईच हिकडं सरकवली तर कोनाचं काय जातंय? तीन दिस तुमी आमच्या गावात हायसा, आमी काय कमी केलं व्हय?”

“पाटील,” येकोबा म्हणाले, “तुमचं पीक वाचलं, मला इतका आनंद झालाय! तुम्हाला का नाही झाला?”

पाटलांचा चेहरा उतरला आणि मग तापला. “मला ठावं हाय. त्यो पट्टा म्हारवाड्याच्या रानातनं बरा गेला. तुमच्या मिशनवाल्यांच्या रानातनं बी बरा गेला. आभाळ बी बाटलं म्हनायचं!”

येकोबांचे हात एकमेकांत गुंतले, चष्म्यामागचे डोळे क्षणभर कुठंच पाहीनात. मग ते शांतपणे म्हणाले, “गारांना मी वाट दाखवली नाही, पाटील. उद्या प्रांतसाहेबांपुढं हेच बोला. मी अडवणार नाही.”

रस्त्यानं परत येताना ते माझ्या मागे पडत राहिले. मी त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढली, पण त्यांना एवढं हळू चालताना तेव्हाच पाहिलं.

प्रांतसाहेब तरुण होते, मोजकं बोलणारे. तिसऱ्या दिवशी सकाळी येकोबांच्या निरोपावरून ते बेलठाणला आले आणि त्यांचे कागद, जोडलेले नकाशे पाहून म्हणाले, “कागद चांगले आहेत. पण कागद कुणीही करतो.” तेवढ्यात आबा पाटील पुढे आले आणि म्हणाले की सर्कलनं आपल्या माणसांसाठी पट्टा काढलाय. साहेबांनी दोघांकडे पाहिलं.

“ठीक. पाटील, पट्ट्यातलं कुठलंही शेत तुम्ही दाखवा. ज्याचा तुम्हाला संशय आहे ते. तिथं आपण कापणी करून पाहू. तिथं चार आण्यांवर पीक निघालं, तर हे सगळे कागद मी परत पाठवीन.”

पाटलांनी क्षणाचाही विलंब न लावता बोट केलं. रस्त्यावरून दिसणारं, ताटं उभी असलेलं रान. राहीबाईचं.

लांबून ते रान खरंच उभं दिसत होतं. येकोबांकडे पाहिलं, तर ते धावत सुटले होते! सगळ्यांच्या आधी बांधावर! मी सुरुवातीला सांगितलं ते धावणं हेच. मागे प्रांतसाहेब, त्यांचे पट्टेवाले, पाटील, चार गावं आणि मी.

राहीबाई बांधावर कंबरेवर हात ठेवून उभी होती. “या! बगा!” एवढंच म्हणाली.

साहेबांनी स्वतः काठी फेकली. ती जिथं पडली तिथं दोरीनं चौकोन आखला. चौघांनी विळे घेऊन चौकोनातली ताटं कापली. आत शिरल्यावर सगळ्यांना कळलं. ताटं उभी होती, पण कणसं नव्हती. काही तुटून खाली पडलेली, काही देठाला लोंबणारी, नुसती फोल. घोंगडं अंथरून जे होतं ते झोडपलं, सुपानं पाखडलं. वाऱ्यावर कोंडा उडाला, उडतच राहिला. चार गावांची माणसं श्वास रोखून त्या सुपाकडे बघत होती. शेवटी घोंगड्यावर जे उरलं ते येकोबांनी दोन्ही हातांत उचललं. दोन्ही हात भरले नाहीत.

“मग दाणे गेले कुठे?” साहेबांनी विचारलं.

राहीबाई पुढे आली, वाकली, आणि मुठीनं चिखल उचलून साहेबांच्या पुढे धरला. काळ्या मातीत दाणे होते. भिजून फुगलेले, आणि प्रत्येकाला पांढरा कोंब फुटलेला.

“हितं हायती, साहेब. आठ दिस येचती मी. खाता बी येत न्हाई, पेरता बी येत न्हाई.”

साहेबांनी तो चिखल आपल्या हातात घेतला. मग लेखणी मागितली. “एक आणा,” ते म्हणाले. “संपूर्ण पट्टा मंजूर.”

काय आवाज उठला! पागोटी उडाली. कुणी कुणाला मिठी मारत होतं ते समजेना. मला एका दाढीवाल्या म्हाताऱ्यानं उचललं होतं एवढं आठवतं. राहीबाई मात्र पदर तोंडाला लावून खाली बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती रडली असेल. आणि येकोबा? ते टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं.

आबा पाटील त्या गर्दीत एकटेच उभे होते. ते हळूहळू पुढे आले. माणूस मानी होता, त्याला ती दहा पावलं जड गेली असतील.

“साहेब, माजा डोळा चुकला,” ते म्हणाले. मग येकोबांकडे न बघता, “आन् जीभ बी.” जरा थांबून ते राहीबाईला म्हणाले, “उद्यापासनं माज्या रानात सोंगनी हाय. पट्ट्यातल्या समद्या बायांना घिऊन ये. मजुरी ज्वारीत दीन. बिगी बिगी या, पाखरं खात्याती.”

येकोबा त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं काही मोठं बोलतील. ते म्हणाले, “शाळू छान आलाय हो तुमचा, पाटील. लई छान.” पाटलांना तिथं उभं राहवेना, ते खाकरत निघून गेले.

मदतीचं वाटप महिन्याभरानं चावडीसमोर झालं. तालुक्याहून एक कारकून पेटी घेऊन आला होता. टेबल ओट्यावर. कारकून नाव पुकारी, माणूस पायऱ्या चढून येई, अंगठा देई, पैसे घेई. महारवाड्यातल्यांची पाळी आली तेव्हा कारकुनानं त्यांना ओट्याखालीच उभं राहायला सांगितलं आणि वरून ओरडला, “भिव्या!”

खाली सत्तरीचा एक वाकलेला शेतकरी होता. त्यानं ओंजळ वर केली. वरून नाणी त्या ओंजळीत टाकायची, अशी आजवरची रीत.

येकोबा खुर्चीत होते. “कागदावर काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“भिवाजी सखाराम.”

“मग लिहिलंय तेच वाचा.”

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. पायरीवर बसलेले आबा पाटील मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. “भिवाजी सखाराम,” कारकून पुटपुटला.

येकोबा उठले. पैसे हातात घेऊन पायऱ्या उतरून खाली गेले, म्हाताऱ्याची ओंजळ दोन्ही हातांनी सरळ केली आणि त्यात पैसे ठेवून वरून आपला हात दाबला. “मोजून घ्या, भिवाजी. तुमचे आहेत.” पुढची सगळी नावं त्यांनी खाली उभं राहूनच घेतली. दुपार कलेपर्यंत ते बसले नाहीत. म्हाताऱ्याला मोजता येत नव्हतं. पण त्यानं एकेक नाणं उलटं करून पाहिलं, घाई न करता, आणि सगळं गाव तोवर थांबलं.

पुढं त्यांची बदली कर्जतकडे झाली, माझी दुसरीकडे. पत्रं यायची, त्यांत स्वतःबद्दल काही नसे, पिकांबद्दल असे. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी मनमाडकडे निघालो होतो. गोदावरीला पूर येऊन ओसरला होता, गाडी पुणतांब्याला तासभर थांबणार असं कळलं. येकोबा निवृत्त होऊन तिथं लेकीकडे राहतात हे मला ठाऊक होतं. मी उतरलो आणि विचारत विचारत नदीकाठी गेलो.

काठावरच्या वाड्या गाळानं झाकल्या होत्या. येकोबांनी वीस गुंठे वांगी लावली होती, ती पुराखाली गेली होती. पंचनाम्याला एक कोवळा तलाठी आला होता आणि हे इतर शेतकऱ्यांबरोबर रांगेत उभे होते. केस पांढरे, कोट नाही, नुसती बंडी. मला बघून त्यांनी अशी टाळी वाजवली की तलाठी दचकला.

“यांचं पूर्ण गेलं, लिहितो,” तलाठी म्हणाला.

“नाही नाही, साहेब!” येकोबा म्हणाले. “माझ्या वरच्या दोन सऱ्या वाचल्यात. फुलावर आहेत, या दाखवतो! पूर्ण गेलं ते या शेजाऱ्याचं. त्याचं आधी मोजा.” मग माझ्याकडे वळून, कुजबुजत, पण नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोरगा बरा आहे. अजून माझं ऐकून घेतो.”

बोलणं फार झालंच नाही. इंजिनानं शिट्टी दिली, मी धावत परत आलो. गाडी हळूहळू पुलावर चढली. खिडकीतून खाली पाहिलं तर काठावरच्या गाळात मोजणी सुरू झालेली. साखळीचं एक टोक तलाठ्याच्या हातात, दुसरं येकोबांच्या. मी रुमाल हलवला, नावानं हाक मारली. पुलाच्या धडधडीत ती पोचली की नाही देव जाणे, पण त्यांनी वर पाहिलं. दोन्ही हातांनी साखळी ताणून धरलेली, ती सोडायची कशी? त्यांनी गाळात रुतलेला एक पाय ओढून वर काढला आणि एका पायावर डुलत, पार पूल संपेपर्यंत, तो चिखलाचा पाय माझ्याकडे हलवत राहिले.